खोली रिकामी आहे, पण तुमच्यासाठी नाही

२६ डिसेंबर १९४६ रोजी लास वेगस गावाबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, फ्लेमिंगो नावाचा कॅसिनो उघडला. पैसा गुन्हेगारी टोळ्यांचा होता आणि कारभार बगझी सीगल या नामचीन गुंडाचा. रंगमंचावर जिमी ड्युरांटीसारखा लोकप्रिय कलावंत, हॉलिवूडची काही मंडळी, झगमगाट, मद्य, टेबलं, पत्ते. नव्हत्या फक्त झोपायच्या खोल्या. हॉटेलचं बांधकाम रखडलं होतं, आणि नाताळ-नववर्षाची सुट्टी हातची जाऊ नये म्हणून सीगलने कॅसिनो तेवढा चालू केला.

लोक आले, खेळले. काहीजण जिंकले आणि रात्री झोपायला दुसऱ्या हॉटेलांत गेले. त्या हॉटेलांतही कॅसिनो होतेच. फ्लेमिंगोतून जिंकलेला पैसा तिथल्या टेबलांवर हरला गेला. जुगाराचा अड्डा चालवून तोटा व्हावा ही तशी दुर्मीळ कामगिरी, पण फ्लेमिंगोने ती करून दाखवली. महिनाभरात त्याला टाळं लागलं. मार्च १९४७ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा खोल्या तयार होत्या, आणि लवकरच नफाही दिसू लागला. सीगलला त्याचा फार काळ उपयोग झाला नाही. जूनमध्ये बेव्हर्ली हिल्सच्या एका घरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं.

सुट्टीत कॅसिनोच्या गावी जायचं तर हॉटेल कधी बुक करावं, असा साधा प्रश्न घेऊन मी या विषयात शिरलो. उत्तराची सुरुवात फ्लेमिंगोच्या त्या अर्धवट इमारतीत सापडेल असं वाटलं नव्हतं. कॅसिनोतली खोली गणिताच्या यंत्राचा एक भाग आहे, हे एकदा ध्यानात आलं की तिचं भाडं असं वेड्यासारखं का उड्या मारतं ते कळायला लागतं.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात: १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर लावलेली रक्कम परत आणि वर ३५ पट मिळतात. ३८ घरं आणि हाती येणारे एकूण ३६ पट यांच्यातल्या या फटीतून लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी ५ डॉलर २६ सेंट कॅसिनोकडे झिरपतात. मात्र सरासरीला वेळ लागतो. एका तासात कोणीही जिंकू शकतं. चार दिवस, रोज चार तास खेळणाऱ्याला चाकाची सरासरी बहुधा गाठते. म्हणून कॅसिनोला हवा असतो तुमचा वेळ, आणि वेळ मिळवायचा तर माणूस त्याच छपराखाली झोपायला हवा, लिफ्टने खाली उतरला की समोर टेबल दिसायला हवं. जिंकलेला माणूस वर जाऊन झोपतो आणि सकाळी नाश्त्याआधी पुन्हा खाली येतो.

वेगसने हा धडा किती मनावर घेतला पाहा. १९९३ च्या डिसेंबरात एमजीएम ग्रँड उघडलं तेव्हा त्या एकाच हॉटेलात पाच हजारांवर खोल्या होत्या. जन्मल्या रात्रीपासून रोज नव्या खोलीत झोपवलं, तर सगळ्या खोल्या संपेपर्यंत मूल आठवी-नववीत गेलेलं असेल. लास वेगस परिसरात आज मिळून सुमारे दीड लाख खोल्या आहेत. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्या साली कोणी रोज एक नवी खोली याप्रमाणे वेगसमध्ये झोपायला लागला असता, तर आपल्या हयातीत कुठे त्याचा शेवटचा मुक्काम झाला असता. आणि वाळवंटातल्या या एवढ्या खोल्या भरतात! २०२४ मध्ये वर्षभराची सरासरी ८० टक्क्यांच्या वर होती. शनिवारी रात्री हा आकडा याहून बराच वर असतो.

आता भाड्याकडे वळू. रिकामी गेलेली रात्र परत विकता येत नाही, त्यामुळे खोली हा नाशवंत माल आहे. मंडईत संध्याकाळ उतरली की कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते, तशी खोलीही शेवटच्या घटकेला स्वस्त व्हायला हवी असं आपल्याला वाटतं. कधी होतेही. पण हॉटेलवाल्याला एक गोष्ट माहीत असते जी भाजीवाल्याला लागू नाही: उशिरा येणारं गिऱ्हाईक बरेचदा जास्त गरजू असतं, म्हणून जास्त पैसे देतं.

या पेचाचं उत्तर १९७२ मध्ये केनेथ लिटलवुड या माणसाने दिलं. तो ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे आजच्या ब्रिटिश एअरवेजच्या पूर्वज कंपनीत, काम करत होता. त्याचा नियम इतका साधा आहे की अचंबा वाटतो. समजा, १०० डॉलर देणारं गिऱ्हाईक आज दारात उभं आहे आणि ३०० डॉलर देणारं पुढे कधीतरी येईल अशी आशा आहे. १०० भागिले ३००, म्हणजे एक तृतीयांश. महागडं गिऱ्हाईक येण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त असेल तर आजच्याला नाही म्हणा. कमी असेल तर खोली देऊन टाका. बस, एवढंच. विमानांच्या जागांसाठी सुचलेला हा विचार १९८० च्या दशकात मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी उचलला. आज एकेका रात्रीसाठी, एकेका प्रकारच्या खोलीसाठी संगणक हाच भागाकार पुनःपुन्हा करत बसलेले असतात. आपण सकाळी पाहिलेलं भाडं दुपारी बदललेलं दिसतं, त्यामागे आपलं नशीब वगैरे काही नसतं. दरम्यान कुठल्यातरी कंपनीने शंभर खोल्या उचललेल्या असतात आणि उरलेल्या खोल्यांना महागडं गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता बदललेली असते.

इथवर कुठल्याही हॉटेलची गोष्ट झाली. कॅसिनोचं हॉटेल याच्या पुढे जातं. त्याला १०० आणि ३०० हे आकडे पुरत नाहीत, कारण खोलीचं भाडं हा पाहुण्याकडून मिळणाऱ्या पैशाचा एक तुकडा असतो. प्रत्येक खेळाडूच्या नावावर कॅसिनोवाले एक आकडा मांडतात. धंद्यात त्याला ‘थिओ’ म्हणतात: तुम्ही किती हरलात ते नव्हे, तर हिशेबाने किती हरायला हवं होतं. एका फेरीला २५ डॉलर, तासाला ४० फेऱ्या, चार तास, म्हणजे चार हजार डॉलर टेबलावरून फिरले. त्याचे ५.२६ टक्के म्हणजे सुमारे २१० डॉलर. त्या दिवशी तुम्ही प्रत्यक्षात पाचशे जिंकून गेलात तरी तुमची किंमत २१० डॉलर रोज हीच. त्यातला काही हिस्सा फुकट जेवण, फुकट खोली या रूपाने परत केला जातो. या पाहुणचाराला तिथे ‘कॉम्प’ म्हणतात. मला हा हिशेब भयंकर सुंदर वाटतो. समोरचा माणूस हसतोय की रडतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग १५० डॉलर भाडं भरणारा पण खाली पाऊल न टाकणारा पाहुणा आणि एक छदामही न देता राहणारा २१० डॉलरचा रूलेटवाला, यांत कॅसिनो कोणाला खोली देईल? गॅरी लव्हमन हे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक १९९८ मध्ये हॅराज या कॅसिनो कंपनीत आले आणि सभासद कार्डाच्या माहितीवर त्यांनी हे शास्त्र फार पुढे नेलं. नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी आदिवासींच्या भूमीवर हॅराजचा एक कॅसिनो आहे. तिथल्या खोल्यांच्या वाटपावर २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली पद्धत अशी: आधी तुमचा सभासद क्रमांक विचारायचा, तुम्ही कुठल्या वर्गातले ते पाहायचं आणि मग भाडं सांगायचं. मोठ्या खेळाडूला खोली फुकट. ज्याच्याकडून टेबलावर फारसं काही यायचं नाही त्याला ‘हॉटेल भरलेलं आहे’ असं उत्तर, मग वर खोल्या रिकाम्या का असेनात. त्या मागाहून फोन करणाऱ्या खेळाडूंसाठी राखलेल्या असतात. म्हणजे एकाच खोलीला एकाच क्षणी अनेक भाडी असतात आणि त्यातलं एक ‘नाही’ हेही असतं.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी या हिशेबात कुठे बसतात? कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की हूवर धरण, ग्रँड कॅन्यन आणि जाता जाता वेगस अशी सहल ठरलेली. आई स्लॉट मशीनमध्ये दहा डॉलर घालणार, ते गेले की ‘बघ, सांगत नव्हते?’ म्हणत बेलाजिओ हॉटेलासमोरची कारंजी बघायला निघणार. अशा कुटुंबाचा थिओ जवळपास शून्य. कोणताही संगणक त्यांच्यासाठी खोली राखून ठेवत नाही. पण त्यांच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे तारीख. आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे: बुकिंग किती दिवस आधी केलं यापेक्षा कुठल्या रात्रीचं केलं याने वेगसमध्ये कितीतरी जास्त फरक पडतो.

आठवड्याचं चक्र आधी पाहू. शुक्रवारी संध्याकाळी दक्षिण कॅलिफोर्नियातून गाड्यांचा लोंढा वेगसकडे वाहतो आणि रविवारी दुपारी तोच लोंढा उलट फिरून इंटरस्टेट १५ या महामार्गावर तुंबतो. जाणाऱ्या गाड्या तुंबलेल्या असताना इकडे रविवार रात्रीचं भाडं कोसळलेलं असतं. रविवार ते गुरुवार आणि शुक्रवार-शनिवार या एकाच इमारतीतल्या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. मधले दिवस ओस पडतात ही वेगसची जुनी डोकेदुखी. त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये अधिवेशन केंद्र उभं राहिलं: जुगारी नाही आला तर निदान दंतवैद्य येतील, ट्रॅक्टर विकणारे येतील. आले, आणि आता तेच उलटं अंगावर येतं. जानेवारीच्या सुरुवातीला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनाला लाखाहून अधिक माणसं जमतात, तेव्हा मंगळवारची खोली शनिवारच्या खोलीला लाजवते. सुट्टी नाही, सण नाही, तरी भाडं आभाळाला. वेगसला जायचं ठरवताना आपलं कालनिर्णय बाजूला ठेवून तिथल्या अधिवेशनांचं कॅलेंडर आधी उघडावं ते यासाठी.

सणांत सर्वांत विलक्षण महिना डिसेंबर. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याला लागून शुक्रवार-शनिवारी भाडं फुगतं आणि मग एकदम शांतता पसरते. लोक घरी झाडं सजवत असतात, पैसे भेटींसाठी राखून ठेवतात, रजा महिनाअखेरीसाठी वाचवतात. थँक्सगिव्हिंग ते नाताळ हा वेगसचा पडीक हंगाम. पूर्वी या दिवसांत कॅसिनोंत शुकशुकाट असे. बेनी बिनियन या जुन्या, खमक्या कॅसिनोमालकाने आणि त्याच्या साथीदारांनी खटपट करून घोडेस्वारी-बैलस्वारीची राष्ट्रीय रोडिओ स्पर्धा १९८५ मध्ये ओक्लाहोमा सिटीहून इकडे आणली, ती नेमकी डिसेंबरच्या सुरुवातीला. दहा रात्री गावभर काउबॉय टोप्या. २०१२ मध्ये सुरू झालेली ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाची री:इन्व्हेंट परिषद आता थँक्सगिव्हिंग उलटताच भरते. पन्नास-साठ हजार संगणकवाले येतात आणि त्यांत पुण्याहून आलेले मराठी आवाजही कानी पडतात. या दोन गर्द्या चुकवून, रोडिओ संपल्यापासून २३ डिसेंबरपर्यंतचे, आठवड्याच्या मधले दिवस धरले तर एरवी न परवडणारी हॉटेलं परवडू लागतात. बेलाजिओतली नाताळची फुलांची आरास तोवर मांडलेली असते. ती पाहायला पैसे पडत नाहीत.

२५ तारखेनंतर मात्र भाडं पायरी-पायरीने चढतं आणि ३१ च्या रात्री शिखर गाठतं. त्या रात्री स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरची वाहतूक बंद, रस्त्यात लाखोंची गर्दी, आणि मध्यरात्री कॅसिनोंच्या गच्च्यांवरून एकदम आतषबाजी. या रात्रीसाठी लिटलवुडचा भागाकार आठवा. ३०० तर सोडाच, ८०० देणारा येईल याची जवळपास खात्री असेल, तर हॉटेल आज १०० ला खोली का देईल? म्हणून इथे भाडं महिनोन्महिने आधीपासूनच चढं असतं, दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाची अट येते, आणि सभासदांना एरवी मिळणाऱ्या फुकट खोल्याही या तारखांना बहुधा बंद होतात. बड्या खेळाडूंसाठीच्या खोल्या मात्र बाजूला काढलेल्या असतात. असंच काहीसं चिनी नववर्षाला घडतं. ते कधी जानेवारीअखेर, कधी फेब्रुवारीत येतं. पूर्व आशियातून बॅकारा खेळणारे धनाढ्य पाहुणे येतात, कॅसिनो लाल-सोनेरी रंगांनी नटतात, मोठे स्वीट गायब होतात. साध्या खोल्यांना त्याची झळ कमी लागते. पण त्याच सुमारास सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना आला की सगळंच हिशेबाबाहेर.

मग बुकिंग करावं केव्हा? इथे एक गंमत आहे, जिच्याकडे फार कमी लोक नीट बघतात. वेगसमधल्या मोठ्या हॉटेलांकडून थेट बुकिंग केलं तर बरेचदा एका रात्रीची अनामत घेतात आणि मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत ती पूर्ण परत मिळते. अर्थात प्रत्येक दराच्या अटी वेगळ्या, त्या वाचायच्या. अशी अट असली तर हॉटेलने तुम्हाला काय दिलं? आजच्या भावाने खोली घ्यायचा हक्क, बंधन मात्र नाही. शेअर बाजारात याला ऑप्शन म्हणतात आणि तो विकत घ्यावा लागतो. इथे तो फुकट आहे. सुट्टीची तारीख ठरली की रद्द करता येणारी खोली लगेच घेऊन ठेवावी, मग अधूनमधून भाडं बघावं. वाढलं तर आपण आधीच आत आहोत, उतरलं तर नवी खोली घेऊन जुनी सोडावी. ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलेला थोडा स्वस्त दर घेणं म्हणजे हा हक्क चार-पाच डॉलरना विकून टाकणं. मला तो सौदा सहसा पटत नाही.

आणि भाडं उतरतं का? २०२३ च्या नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत वेगसच्या रस्त्यांवर पहिल्यांदा झाली. हॉटेलांनी वर्षभर आधी अवाच्या सवा दर लावले. यंत्राला मागचा अनुभवच नव्हता, अंदाज बांधणार कशावर? शर्यत जवळ आली तरी खोल्या रिकाम्याच दिसत होत्या, तसे दर धडाधड खाली आले. ज्यांनी आधीच न परतणारे पैसे भरले होते ते हात चोळत बसले. नववर्षाच्या रात्रीचा अंदाज मात्र कित्येक दशकांच्या अनुभवावर उभा असतो, तिथे अशा चुकीची वाट बघत बसणं हा स्वतःच एक जुगार.

पूर्वी पाहिलेलं भाडं हेच भरायचं भाडं नसे. स्ट्रिपवर रोज ४० ते ५५ डॉलरच्या आसपास ‘रिसॉर्ट फी’ असते आणि त्यावर सुमारे १३ टक्के कर. ३५ डॉलरची खोली बघता बघता शंभरीकडे जाई. मे २०२५ पासून अमेरिकी सरकारच्या नियमाने ही सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो. मधल्या दिवसांच्या स्वस्त खोलीला ही फी जास्त टोचते, कारण शनिवार असो की मंगळवार, ती साधारण सारखीच.

हे सगळं गोव्याला लावून पाहिलं की फरक चटकन दिसतो. गोव्यात कायद्याने टेबलांवरचे खेळ पाण्यावरच्या जहाजांत, आणि जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोत लहान बोटीने जायचं, वय २१ हवं, तिकिटाचा दर शुक्रवार-शनिवार चढा. खेळून परतायचं आणि झोपायचं ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हॉटेलात. म्हणजे नकळत १९४६ च्या फ्लेमिंगोचीच मांडणी. पणजीतल्या किंवा कांदोळीतल्या साध्या हॉटेलमालकाला तुम्ही बोटीवर किती हरलात यातून दमडी मिळत नाही, त्यामुळे तो फुकट खोली देणार कशी आणि का? त्याचं भाडं निव्वळ गर्दीवर चालतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबई-पुणे आणि गुजरातच्या गाड्या उतरल्या की दर चढतात, नाताळ ते नववर्ष तर विचारूच नका. आणि जून ते सप्टेंबर तीच खोली निम्म्याच्या आसपासही मिळून जाते. पावसात समुद्रात उतरता येत नाही, पण नदीतली जहाजं चालूच असतात. ज्याला खरोखर कॅसिनोच बघायचा आहे त्याने गोव्याला श्रावणात जावं, असं मी म्हणेन. घरचे काय म्हणतील तो भाग वेगळा. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता खरा, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे कार्तिकातल्या द्यूतप्रतिपदेला हौस घरच्या सोंगट्यांवर भागवायची, नाहीतर गोव्याची वाट धरायची.

वेगसमध्ये सुट्टीची हवा आणि स्वस्त खोली दोन्ही हवी असेल, तर एक छोटी फट दरवर्षी उघडते. १ जानेवारीच्या दुपारी आतषबाजीवाले लोक बॅगा ओढत बाहेर पडतात आणि सीईएसवाले अजून आलेले नसतात. नाताळची झाडं उतरलेली नसतात, रोषणाई चालू असते. ही फट कधी दोन रात्रींची, कधी चार-पाच रात्रींची. ते त्या साली १ तारीख कुठल्या वारी आली आणि सीईएस कधी सुरू होतं यावर अवलंबून. या रात्रींच्या खोल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रद्द करता येणाऱ्या दराने धरून ठेवाव्यात आणि नाताळच्या आठवड्यात पुन्हा एकदा भाडं बघावं.